जाऊबाईंच्या कुरडया आणि तुमचा टॅक्स

पत्र थोडक्यात असं: "आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो, फ्लॅटचे हप्ते फेडतो, वर टॅक्स भरतो. थोरले दीर वारल्यापासून गावी, अहिल्यानगर जिल्ह्यात, जाऊबाई निराधारचे दीड हजार आणि रेशनचं धान्य घेतात. घरात मिक्सर आहे, लेकीच्या हातात स्मार्टफोन आहे. मे महिन्यात त्या कुरडया घेऊन आल्या. भिशीच्या मैत्रिणी बसल्या होत्या. मी हसत म्हटलं, 'खा गं, आपल्याच टॅक्सच्या गव्हाच्या आहेत.' दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने त्या निघून गेल्या. फोन उचलत नाहीत. यजमानही धड बोलत नाहीत. मी खोटं काय बोलले?"

बाई, गहू रेशनचा असेलही. पण तो तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो घोटत शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने घालायच्या. वर तो डबा मांडीवर घेऊन एसटीने पुण्याला यायचं. यातलं तुमच्या टॅक्समधून काय आलं?

आता गव्हाचा हिशोब. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, गहू-तांदूळ मिळून. दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमसुद्धा होत नाही. डाळ, तेल, मिरची विकतच आणायची. "फुकटच्या धान्यामुळे गावात मजूर मिळेना" असं तुमच्या भिशीत कुणीतरी म्हणतंच, मला खात्री आहे. त्या बाईंना एक महिना एवढ्या धान्यावर घर चालवायला सांगा.

संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे. वर्षाला बरं का, महिन्याला नव्हे. त्यासाठी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तहसीलच्या खेपा, आणि पुढे दर वर्षी आपण हयात असल्याचा पुरावा. मिळतात किती, तर वर्षाचे 18,000. तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असलात तर एकाच माणसाचे साठ हजारांवर वाचतात. तेही सरकारी तिजोरीतूनच जातात की. तुम्हाला त्यासाठी कुणी रांगेत उभं केलं नाही, आणि भिशीत कुणी त्यावरून टोमणाही मारला नाही.

स्मार्टफोनचं म्हणाल तर कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारचा ओटीपी सगळं त्याच्यावरच येतं. फोन नसेल तर पोरीचं अडतं. मिक्सरबद्दल मी काही बोलतच नाही.

टॅक्सचा एवढा अभिमान आहे तर पगाराची स्लिप काढून बघा. व्यवसाय कर म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात. महाराष्ट्रात तो 1975 मध्ये रोजगार हमीसाठी सुरू झाला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या बायकांना काम मिळत राहावं म्हणून शहरी पगारदारांनी द्यायचा तो वाटा. तुमच्या सासरच्या भागात त्या कामांवर गेलेल्या आज्या अजून भेटतील. एखादीला आळशी म्हणून बघा!

लबाडी होते, हेही खरं. लाडकी बहीणचे पैसे दोन हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांनी घेतल्याचं 2025 मध्ये सरकारनंच सांगितलं. पण जरा बघा, त्या नोकरदार होत्या; तुमच्या-माझ्यासारख्या.

तर आता घरातलं. फोन करत बसू नका, शनिवारी गावी जा. साडी नेऊ नका, साडी पुढे केली की समोरच्या बाईला 'जाऊ दे' म्हणावंच लागतं. "ताई, चारचौघींत मी तुमचा अपमान केला" एवढंच म्हणा आणि 'गंमत केली होती' हे शब्द तोंडातून निघू देऊ नका. भिशीत टोमणा मारलात, तेव्हा भिशीतही सांगायला हवं. ते जास्त जड जाईल.

आणि यजमानांना विचारा, भाऊ गेल्यावर वहिनीबरोबर तहसीलला ते एकदा तरी गेले होते का? बहुधा नसावेत, त्यांच्या अबोल्यात थोडी स्वतःची लाजही असेल. या वेळी दोघं जा, मुक्कामाला जा. पहिल्या संध्याकाळी जाऊबाई नुसत्या हो-नाही करतील. लगेच परतीची बस बघू नका.