अनंत की असीम? आणि दुसऱ्या टोकाला काय?

विश्वाला 'अनंत' म्हणावं की 'असीम', दोन्ही एकच ना, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. लहानाकडे जाताना 'अनंत सूक्ष्म' म्हटलं तर चालेल का, हेही त्यांना हवं आहे.

दोन्ही एकच नाहीत. 'अनंत अडचणी', 'अनंत उपकार' म्हणताना आपल्याला फक्त 'पुष्कळ' म्हणायचं असतं, तिथे काही बिघडत नाही. विश्वाविषयी लिहिताना मात्र फरक पाळलाच पाहिजे. सीमा म्हणजे शीव, गावाची हद्द. अंत म्हणजे मोजणी संपणं. चेंडूवर फिरणाऱ्या मुंगीला शीव कुठेच आडवी येत नाही, तरी चेंडूचा पृष्ठभाग ठरावीक चौरस सेंटिमीटरचाच असतो. तो असीम आहे, पण सांत आहे, म्हणजे अंत असलेला. आइन्स्टाइनने 1917 साली मांडलेलं विश्व नेमकं असं होतं. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले, तर ही कल्पना मराठीत सांगताच येणार नाही.

आपल्याला दिसू शकणारं विश्व सुमारे 9,300 कोटी प्रकाशवर्षं रुंद आहे. त्यापलीकडे ते अनंत आहे की सांत, हे अजून ठरलेलं नाही. म्हणून नुसतं मोठेपण सांगायचं असेल, तर मी 'अफाट' लिहितो. त्यात कसलाच दावा नाही.

संख्यांच्या जुन्या नावांतली एक गोष्ट मला फार आवडते. भास्कराचार्यांच्या यादीत एकावर 15 शून्यं म्हणजे 'अंत्य'. नावच 'शेवटचं', आणि पुढे आणखी दोन पायऱ्या आहेतच: मध्य आणि परार्ध. खऱ्या अनंतासाठी त्यांचा शब्द वेगळा आहे, 'खहर'. ख म्हणजे शून्य आणि हर म्हणजे छेद. ज्या राशीचा छेद शून्य आहे ती. तीत कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही.

आता लहान टोक. दुपारी कौलाच्या फटीतून कवडसा पडतो आणि त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. त्या कणाला मनुस्मृतीत 'त्रसरेणू' म्हटलं आहे, आणि मापांची सुरुवात तिथूनच केली आहे. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी त्याचे सहा भाग कल्पिले आणि त्यातल्या एकाला 'परमाणू' म्हटलं. परम म्हणजे अखेरचा. यापुढे तुकडा पडत नाही. का पडत नाही? तर तुकडे पाडणं कधीच थांबलं नाही, तर मेरू पर्वतालाही अनंत भाग आणि मोहरीच्या दाण्यालाही अनंतच. मग दोघांचा आकार सारखा मानावा लागेल! अनंताचेही लहानमोठे प्रकार असतात, हे गणितज्ञ कॅन्टरने एकोणिसाव्या शतकात दाखवलं. पण मोहरीचा प्रश्न आजही विचार करायला लावतो.

तेव्हा 'अनंत सूक्ष्म' हा शब्दप्रयोग जपून करावा. विभागणी कधीच थांबत नाही असं म्हणायचं असेल, तर सरळ 'अनंत विभाज्य' लिहा. थांबते असं म्हणायचं असेल, तर 'अविभाज्य'. प्लांक लांबी, म्हणजे मीटरचा साधारण एकावर 35 शून्यं इतकावा भाग, त्याच्याखाली आजचे सिद्धांत चालत नाहीत. पण तिथे विभागणी थांबते असं सिद्ध झालेलं नाही. तिथे 'सूक्ष्मातिसूक्ष्म' पुरे.

एक सावधगिरी. हिंदी मजकूर वाचताना घोटाळा होतो, कारण तिथला 'परमाणु' म्हणजे आपला अणू आणि तिथला 'अणु' म्हणजे आपला रेणू. 'रेणू'चा हा शास्त्रीय अर्थ मात्र अलीकडचा. 'अणुरेणियां थोकडा, तुका आकाशाएवढा' म्हणणाऱ्या तुकोबांचा रेणू म्हणजे धूळ, त्या कवडशात तरंगणारीच.