व्हिम या एडिटरमध्ये % दाबलं की जोडीचा कंस सापडतो, पण एचटीएमएलचा बंद होणारा टॅग सापडत नाही. काय करू? की सरळ व्हीएस कोड घेऊ?

व्हिमआरसीत, म्हणजे व्हिमच्या सेटिंग्जच्या फाइलीत, ‘पॅकअ‍ॅड! मॅचइट’ ही ओळ टाका, ‘फाइलटाइप प्लगइन ऑन’ आहे का तेही बघा. मॅचइट हे टॅगच्या जोड्या जुळवणारं प्लगइन कुठून उतरवायचं नाही, ते व्हिमबरोबरच येतं. निओव्हिम या व्हिमच्याच नव्या अवतारात तर आधीपासूनच चालू असतं. आणि % दाबताना कर्सर टॅगच्या नावावर हवा. < वर ठेवलात तर तो त्याच टॅगच्या > वर जाऊन थांबतो, मग लोक म्हणतात चालत नाही.

आता ‘हे चोचले कशाला, नीट इंडेंट करा की’ म्हणणारे येतीलच. मी पूर्वी एका कंपनीत पीएचपीची टेम्प्लेट्स सांभाळायचो, तिथल्या टीम लीडचं हेच पालुपद होतं. जो एडिटरशी खेळत बसतो तो काम टाळतो, असं सगळ्यांदेखत म्हणायचा आणि बघायचा माझ्याकडे. एका रिलीजच्या रात्री पानाचा फुटर वर सरकून साइडबारला चिकटला, तोही फक्त लॉगिन केलेल्यांना. साहेब स्क्रीनवर बोट ठेवून डिव्ह टॅग मोजायला बसले. वरून खाली, पुन्हा वरून. इंडेंट इतकं सुबक होतं की चूक दिसणारच नाही. कोणीतरी दुसरीकडून तुकडा चिकटवून तो छान सरळ करून ठेवला होता. मी सगळ्यात बाहेरच्या डिव्हवर कर्सर नेऊन % दाबलं. उडी पानाच्या तळाशी जायला हवी होती, ती पडली थेट मधल्या एका इफच्या, म्हणजे अटीच्या, पोटात, एन्डइफच्या जेमतेम वर. एक जादा स्लॅश डिव्ह, म्हणजे डिव्ह बंद करणारा टॅग. काढला, फुटर जागेवर. साहेब म्हणाले, “मी तिथेच येत होतो.”

येत होते म्हणे! इंडेंट म्हणजे लिहिणाऱ्याला काय वाटलं होतं ते. % सांगतं प्रत्यक्षात काय लिहिलंय ते. ज्याला हा फरक पटत नाही त्याने दुसऱ्याच्या एडिटरवर बोलू नये.

हां, टॅग जुळवताना मॅचइट इफच्या अटी बघत नाही. इफ आणि एल्स दोन्हींत डिव्ह उघडून बाहेर एकदाच बंद केला असेल तर ते भलतीकडे नेईल. तसा कोड मुळात लिहूच नये, पण जुन्या प्रोजेक्टांत भेटतो.

व्हीएस कोड घ्यायचा तर खुशाल घ्या. तिथे कंट्रोल-शिफ्ट-बॅकस्लॅशने कंसावर जाता येतं. टॅगसाठी त्यातच असलेल्या एमेट या साधनाची ‘गो टू मॅचिंग पेअर’ ही कमांड आहे, पण तिला आधीपासून शॉर्टकट की नेमलेली नसते, ती तुम्हीच नेमायची. आणि टॅगच्या आतला मजकूर तेवढा बदलायचा असेल तर व्हिममध्ये मॅचइटचीही गरज नाही: सी, आय, टी ही अक्षरं ओळीने दाबा.