रिमोटच्या गाडीला ब्रशलेस मोटर: हप्त्यावर आत्ता, की रोखीने टप्प्याटप्प्याने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्हाला आणि तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीला रविवारी मैदानावर पळवायला १/१० मापाची रिमोटची गाडी घ्यायची आहे. दुकानदाराने ब्रश्ड (आत घासणारे कार्बन असलेल्या) मोटरच्या गाडीचे १८,५०० सांगितलेत, त्यात ३,००० एमएएचची एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) बॅटरी आणि चार्जर आलं. त्याच चासीची (सांगाड्याची) ब्रशलेस, म्हणजे बिनकार्बनच्या मोटरची गाडी ३६,०००ला आहे, बॅटरी-चार्जर वेगळं, आणि ती नऊ महिन्यांच्या 'नो-कॉस्ट' ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. पगार हातात ५२,०००, गृहकर्जाच्या हप्त्यासह खर्च ४१,०००, एसआयपी ६,०००. अडीअडचणीसाठी ७०,००० बाजूला आहेत. दिवाळीचा ३०,००० बोनस सणाला आणि बॅटऱ्यांना लागेल असं तुम्ही धरलंय. शिवाय, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरच्या) पंख्यांनी वीजबिल कमी केलं तशी ब्रशलेस मोटरही पैसे वसूल करून देईल, असं तुम्हाला वाटतं.

आधी ही वसुलीची गोष्ट. पंखा दिवसाला बारा तास फिरतो. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा बसवला तर ३०० दिवसांत १६२ युनिटं वाचतात, म्हणून तो हिशेब जुळतो. गाडीची ७.४ व्होल्ट, ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे ३७ वॅट-तास. चार्जरमधली गळती धरूनही एका चार्जिंगला युनिटचा विसावा हिस्सासुद्धा लागत नाही. वर्षात शंभर वेळा चार्ज केली तरी पाच युनिटांच्या आत. ब्रशलेस मोटर कार्यक्षम असते हे खरं, पण पाच युनिटांतून वाचणार तरी किती?

दुसरी बचत कार्बनची. ब्रश्ड मोटरमध्ये मिक्सरसारखेच कार्बन असतात, ते कम्युटेटरवर घासून झिजतात. साध्या बंद डब्याच्या '५४०' मापाच्या मोटरीत ते बदलता येत नाहीत, अख्खी मोटर बदलावी लागते. दुकानदाराने ती ९००ला सांगितली आहे, आणि ब्रशलेस मोटर व ईएससीची (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाची) जोडी ७,५००ला. म्हणजे आठ मोटरी जाळल्यावर नवव्या मोटरीला ही जोडी वसूल होईल. रविवारी दोन बॅटऱ्या पळवणाऱ्या घरात आठ मोटरी जळत असतील, तर चूक मोटरीची नसून गिअरची आहे. वेग वाढवायला मोठा पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) लावला, गवतात पळवली, मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली तरी थांबवली नाही, की मोटर अकाली जाते.

मग ब्रशलेस घ्यायची कशासाठी? वेगासाठी, आणि तो आनंद खरा आहे. साधी ५४० मोटर ७.२ व्होल्टवर भाराशिवाय मिनिटाला १५-१६ हजार फेरे घेते. ३,५०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३,५०० फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर ७.४ व्होल्टवर जवळपास २६ हजार घेते. पण वेग दीडपट झाला की धडकेतली ऊर्जा सव्वादोन पट होते. खर्च तिथे सुरू होतो: स्पर गिअरचे (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात जातात, डिफ (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा डिफरेन्शियल) जातो, चाकांना जोर पोचवणारे ड्राइव्हशाफ्ट पिळतात, चाकं धरणारे पुढचे आर्म तुटतात. नवशिक्याच्या हातून भिंत चुकत नाही. ३६,०००च्या गाडीत धातूचा डिफ आणि दणकट शाफ्ट आहेत, त्यामुळे जास्तीचे पैसे नुसते मोटरीचे नाहीत हे मान्य. तरी आर्म प्लॅस्टिकचेच.

आता हप्ता. 'नो-कॉस्ट' म्हणजे बिनव्याजी नव्हे. २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली, तेव्हापासून व्याजाइतकी सूट आधी देऊन मग व्याज लावतात. दर १६ टक्के धरला तर ४,०००च्या नऊ हप्त्यांत साधारण २,२९० रुपये व्याज बसतं. तेवढी सूट तुम्हाला मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे ४१०, तुमच्याच कार्डावर येतो. प्रोसेसिंग फी निराळी. ही रक्कम मोठी नाही. मला खटकतो तो हप्ता. महिन्याला तुमच्याकडे ५,००० उरतात, त्यातले ४,००० नऊ महिने अडकले तर तुटलेल्या आर्मचे पैसे कार्डावरच जाणार. आणि ७०,००० म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च नाही. गृहकर्ज असलेल्या घरात किमान तीन महिन्यांचे १,२३,००० हवेत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ब्रश्ड गाडी घ्या, बोनसमधून, रोखीने. १८,५०० गाडीला, २,००० सुट्या भागांना (एक मोटर, स्पर गिअर, पुढच्या आर्मची जोडी), उरलेले ९,५०० सणाला. जो हप्ता भरायला तुम्ही तयार होतात ते ४,००० दरमहा आणीबाणीच्या रकमेत टाका. नऊ महिन्यांत ती १,०६,०००वर जाईल. उरलेले १,००० गाडीच्या डब्यात. एसआयपीला हात लावू नका. नऊ महिन्यांनी डब्यात ७,५०० शिल्लक असतील आणि गाडी खरोखर दर रविवारी बाहेर पडत असेल, तर ब्रशलेस जोडी बसवा. गाडी माळ्यावर गेली असेल तर तेही कळेल.

तुमच्याकडे आधीच तीन महिन्यांची रक्कम असती आणि मुलगी वर्षभर दुसरी गाडी चालवत असती, तर मी थेट ब्रशलेसच सुचवली असती.

पैसे देण्याआधी दुकानात तीन गोष्टी विचारा. ब्रशलेस आवृत्तीचे डिफ आणि शाफ्ट या चासीत जसेच्या तसे बसतात का? ३६ मिमी व्यासाची, ५० मिमी लांबीची ३६५० मोटर याच माउंटवर येते का? स्पर आणि आर्म दुकानात शिल्लक आहेत का? २०२०मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं, त्यामुळे बाहेरून मागवायच्या भरवशावर गाडी घेऊ नका.

मोटर बदलताना ईएससीही बदलावाच लागतो, कारण ब्रश्ड मोटरला दोन वायरी असतात आणि ब्रशलेसला तीन. जोडी सेन्सरवाली घ्या. बिनसेन्सरची मोटर अगदी कमी वेगाला अडखळते. पिनियन आणि स्परमध्ये कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करा, मग पट्टी काढा, म्हणजे दातांत योग्य फट राहते. पहिल्या दिवशी लहान पिनियन लावा.

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी त्याआधी घेतलीत तर ब्रश्ड ईएससीवरचं बॅटरीचं सेटिंग नक्की बघा. हॉबीविंगच्या क्विकरन १०६०सारख्या ईएससीवर ते एका छोट्या जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या टोपीने) होतं. तो एनआयएमएचवर राहिला तर लायपो सेलमागे ३ व्होल्टच्या खाली उतरते, फुगते आणि टाकून द्यावी लागते. ठेवताना सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, आणि चार्ज होत असताना मुलीला एकटीला सोडू नका.