रडार असूनही बोट किनाऱ्याला लागते कशी?

प्रश्न : १८ ऑगस्ट २०२२ रोजी आमच्या हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ ही बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७ निघाल्या. २६/११ नंतर किनाऱ्यावर रडार बसवली ना? मग अशी बोट इतक्या जवळ येईपर्यंत कळत कशी नाही? आणि शेकडो किलोमीटरवरचं टिपणारी रडार का लावत नाहीत?
– एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. मी मर्चंट नेव्हीत अधिकारी होतो, पावसाळी अरबी समुद्रात रडारसमोर वॉच केलेत. तेव्हा अशी बोट कशी निसटते, ते सांगतो.

२६/११ नंतर पहिल्या टप्प्यात ४६ रडार ठाणी उभी राहिली, त्यातली बरीचशी दीपगृहांवर. ती तटरक्षक दल चालवतं. यांच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. अँटेना ४० मीटर उंचीवर असेल, तर तीन मीटर उंचीची बोट साधारण ३३ किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसू शकते. अँटेना १०० मीटरवर नेली, तरी पल्ला ४८ किलोमीटरच. उंची अडीचपट, फायदा दीडपटीहूनही कमी.

खरी पंचाईत पुढे आहे. श्रावणातला खवळलेला दर्या पडद्यावर ठिपक्यांनी नुसता भरून जातो, कारण प्रत्येक लाट प्रतिध्वनी देते. तो कचरा घालवायला ‘सी क्लटर’चं बटण असतं. ते थोडं फिरवलं की पडदा साफ होतो. जास्त फिरवलं की लाटांबरोबर छोटी बोटही पुसली जाते. कमी ठेवावं तर ती कचऱ्यातच हरवते. नव्या यंत्रणा हे काम संगणकाकडून करून घेतात, पण लाकडी किंवा फायबरच्या बोटीचा प्रतिध्वनी मुळातच क्षीण. ‘लेडी हान’ अवघी १६ मीटरची होती. इंजिन बंद पडल्यावर खलाशांची सुटका झाली आणि ती ओमानच्या बाजूने वाहत आली. मोठी जहाजं एआयएस या स्वयंचलित ओळख यंत्रणेवरून आपलं नाव-गाव स्वतःच कळवतात. सोडून दिलेल्या बोटीची बॅटरी संपली की तीही सोय गेली.

तुम्ही म्हणता ती दूर पल्ल्याची रडार म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी सरफेस वेव्ह रडार. तिच्या १० ते १०० मीटर लांबीच्या लहरी खाऱ्या पाण्याला चिकटून क्षितिजापलीकडे वळतात. २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत मोठं जहाज टिपता येतं. पण त्या लहरीपुढे छोटी होडी म्हणजे काहीच नाही. शिवाय अँटेनांची रांग मांडायला किनाऱ्यालगत शेकडो मीटर मोकळी जागा हवी. टँकरवर नजर ठेवायला ती उत्तम. तुमची भीती वेगळ्या बोटीची आहे.

म्हणून मला जास्त भरवसा वाटतो तो मच्छीमार बोटींवरच्या ट्रान्सपाँडरचा, म्हणजे बोटीची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणाऱ्या यंत्राचा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला एक लाख बोटींसाठीच्या योजनेचा प्रारंभ झाला. आपल्या बोटी ओळख देऊ लागल्या की उरलेला मुका ठिपका ऑपरेटरच्या डोळ्यात भरतो. ‘हे आमच्यावर पाळत ठेवायला’ अशी कुरकुर बंदरांवर ऐकू येते. तांडेलांनो, वादळात तुमचा ठावठिकाणाही त्यातूनच कळणार आहे.

आणि माणसाची नजर हवीच. २६/११ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरलेली ती अनोळखी पोरं कोळ्यांनी पाहिली होती. आज काही वावगं दिसलं, तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक आहेत. श्रीवर्धनच्या प्रत्येक होडीवर ते रंगवून घ्या.