सांगली-मिरजेकडे रिफॉर्म्ड मंडळी कशी शोधायची? शिवाय निवड, पुन्हा घेतलेला बाप्तिस्मा आणि घरची उपासना

ताई, जय ख्रिस्त.

पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही दोघं सांगली-मिरज भागातल्या जुन्या मंडळीत वाढलात, बाप्तिस्मा लहानपणीच झाला. लग्नानंतर एका प्रार्थना-ग्रुपला जाऊ लागलात आणि तिथे कृष्णेत पुन्हा बाप्तिस्मा घेतलात. मुलगा आजारी पडला तेव्हा ‘घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय’ असं तुम्हाला सांगितलं गेलं. तेव्हापासून यजमान यूट्यूबवर रिफॉर्म्ड उपदेश ऐकतात, म्हणजे सोळाव्या शतकातला सुधारक जॉन कॅल्विन याच्या परंपरेतले, आणि देवाच्या निवडीबद्दल, म्हणजे तारण कुणाचं व्हायचं हे देवानेच आधी ठरवलंय याबद्दल, त्यांची खात्री पटली आहे. तुम्हाला मात्र धास्ती वाटते, की देवाने आधीच निवडलं असेल तर प्रभूपासून दूर गेलेल्या भावासाठी प्रार्थना कशाला करायची? आणि जवळपास ‘रिफॉर्म्ड’ पाटीची मराठी मंडळी नाही, मग जायचं कुठे?

आधी भीतीबद्दल बोलते. आमच्या घरातही यजमान आधी वळले, मी मागून. मध्यंतरी मी रोमकरांस पत्राचा निवडीबद्दलचा नववा अध्याय उघडायचंच टाळत होते. मला धीर आला तो जिथून येईल असं वाटलं नव्हतं तिथून, डॉर्टच्या सिद्धांतांमधून. नेदरलँड्समधल्या डॉर्ट गावी १६१८-१९ मध्ये भरलेल्या सभेने हे लिहिले. ‘पाच मुद्दे’ म्हणून यजमान जे सांगत असतील त्यांचं मूळ इथेच आहे. त्यातल्या पहिल्या प्रकरणाचं सोळावं कलम तुम्ही दोघं मिळून वाचा. ज्याला आपल्यात जिवंत विश्वास अजून ठळकपणे जाणवत नाही, पण जो वचन, प्रार्थना आणि संस्कार धरून आहे, त्याने त्यागाच्या शिकवणीने (देव काहींना निवडत नाही, या शिकवणीने) घाबरू नये, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आणि आधार दिलाय यशयाच्या त्या वचनाचा: चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात तो विझवणार नाही. निवडीची शिकवण लिहिणाऱ्यांना तुमच्यासारख्या घाबरलेल्या बाईची आठवण होती, हे पाहून मला रडू आलं होतं.

आता भावाची गोष्ट. त्याचं मन सर्वस्वी त्याच्याच हातात असतं, तर आपण देवाकडे मागितलं काय असतं? पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देणं देवाला जमतं, म्हणून तर आपण गुडघे टेकतो. करिंथात पौल घाबरला होता तेव्हा प्रभूने त्याला, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत, तू बोलत राहा, असंच सांगितलं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८). देवाचे लोक तिथे आहेत हेच बोलत राहण्याचं कारण ठरलं. आपल्या मराठीचंच उदाहरण घ्या. विल्यम कॅरी हा निवडीची शिकवण मानणाऱ्या बॅप्टिस्टांपैकी होता. तो १७९३ मध्ये बंगालात आला आणि १८११ मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला. निवडीमुळे सुवार्ता थंडावते असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा. भावासाठीची प्रार्थना सोडू नका, उलट आता जास्त धिटाईने करा.

चर्च शोधायला लागण्याआधी घरी एक गोष्ट सुरू करा, हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणारं रिफॉर्म्ड पुस्तक. ती १५६३ ची आहे. १२९ प्रश्न बावन्न रविवारांत वाटलेले आहेत, म्हणजे वर्षभर पुरतात. आम्ही रविवारी संध्याकाळी जेवणाआधी एक भाग घेतो. यजमान वाचतात, जमेल तसं सोप्या मराठीत सांगतात, मुलं वचनं शोधतात. दहाव्या रविवारी देवाच्या तरतुदीचा भाग येतो: पाऊस आणि दुष्काळ, आरोग्य आणि आजार, श्रीमंती आणि गरिबी, यातलं काहीही योगायोगाने येत नाही, सगळं पित्याच्या हातून येतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. सासरे गेले तेव्हा आम्ही ज्या ग्रुपमध्ये होतो तिथे त्यांनाही तुमच्यासारखंच ऐकवलं गेलं होतं. त्यांनी हातातली काडी खाली ठेवली आणि विचारलं, “म्हणजे हे गेले ते माझी प्रार्थना कमी पडली म्हणून नाही ना?” यजमान म्हणाले, “नाही, आई.” त्या पुन्हा म्हणाल्या, “परत वाच.” आमच्या घरात ही शिकवण पटली ती त्या संध्याकाळी. युक्तिवाद त्याआधी पुष्कळ झाले होते. तुमच्या मुलाच्या आजारपणात तुमच्यावर जे ओझं टाकलं गेलं, तेही याच उत्तराने उतरेल असं मला मनापासून वाटतं.

आता मंडळी. माझं माहेर मिरजेचं, म्हणून थोडं हक्काने सांगते. तुम्ही जे शोधताय ते तुमच्या भागाला नवखं नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढे ते काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनने हाती घेतलं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं करणारे डॉक्टर वानलेसही प्रेस्बिटेरियनच. मुंबईत स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन होते, नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल मंडळ्या होत्या. ही सगळी घराणी कॅल्विनच्या परंपरेतून आलेली. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या आणि ते चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) सामील झालं. आज त्या मंडळ्यांमध्ये ही शिकवण व्यासपीठावरून सगळीकडे ऐकू येते असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी तर ती पार विसरली गेली आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तरीही शोध तिथूनच सुरू करा. लहानपणीची मंडळी सोडून कितीतरी वर्षं झाली असतील. आता तिथे पाळक कोण आहेत, ते काय शिकवतात, हे जाऊन ऐका.

ऐकायचं कशासाठी, तर बेल्जिक विश्वासांगीकार या जुन्या रिफॉर्म्ड विश्वासपत्राच्या एकोणतिसाव्या कलमात खऱ्या मंडळीच्या तीन खुणा दिल्या आहेत: सुवार्तेचा शुद्ध उपदेश, ख्रिस्ताने नेमल्याप्रमाणे संस्कार, आणि पापाबद्दल शिस्त. हे १५६१ मध्ये लिहिणाऱ्या ग्वीदो द ब्रेसना सहा वर्षांनी फाशी दिलं गेलं. ‘मंडळी कोणती खरी’ हा प्रश्न त्यांच्यासाठी जिवाचा होता. पाटी काहीही असो, या खुणा बघा. एका रविवारी जाऊन मत बनवू नका, काही महिने नियमित बसा. उपदेश शास्त्राच्या उताऱ्यातून निघतो, की गोष्टी आणि आशीर्वादाच्या घोषणांतून? प्रभुभोजनाआधी आत्मपरीक्षणाला बोलावलं जातं का? पाळकसाहेबांना कुणी जाब विचारू शकतं का, की सगळा कारभार एकाच घरात आहे? दशांशाचा हिशेब मंडळीपुढे ठेवतात का? हे सगळं पाळकांना घरी चहाला बोलावून सरळ विचारावं. चांगल्या पाळकाला त्यात राग येत नाही.

पुण्या-मुंबईत इंग्रजीतून चालणाऱ्या रिफॉर्म्ड मंडळ्या आहेत. तिथली शिकवण ऐकायला कधीतरी जरूर जा. पण दर रविवारी गाडी काढून पुणे गाठायचं, असा बेत करू नका. आजारपणात कोण येणार, मुलांचे मित्र कोण होणार, आणि सासूबाईंना इंग्रजी उपदेशातलं काय कळणार? ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकातली गाणी ज्यांच्या ओठांवर आहेत, त्यांना त्यापासून तोडणं मला तरी जड गेलं असतं. आम्ही शेवटी एका साध्या मराठी मंडळीत स्थिरावलो. तिथले पाळक स्वतःला रिफॉर्म्ड म्हणवत नाहीत, पण इफिसकरांस पत्र ओळीने शिकवतात आणि तारण कृपेनेच होतं यावर ठाम आहेत. आठवड्यातून एकदा तिथलीच काही कुटुंबं आमच्याकडे प्रश्नोत्तरी वाचायला जमतात, पाळकांच्या परवानगीने. त्यांच्या नकळत असं काही सुरू करू नका, त्यातून फक्त तट पडतात.

बाप्तिस्म्याबद्दल. रिफॉर्म्ड परंपरेत बाप्तिस्मा एकदाच होतो, त्यामुळे आता तिसरा काही घ्यायचा नाही. कृष्णेतल्या बाप्तिस्म्याचा अपराधभाव बाळगत बसू नका, ते तुम्ही प्रभूवरच्या प्रेमाने केलंत. मुलांच्या बाबतीत रिफॉर्म्ड लोकांतच दोन मतं आहेत. प्रेस्बिटेरियन लोक, विश्वासणाऱ्यांची मुलं देवाच्या करारातलीच म्हणून, लहान बाळांना बाप्तिस्मा देतात, तर १६८९ चा विश्वासांगीकार मानणारे रिफॉर्म्ड बॅप्टिस्ट विश्वास कबूल केल्यावरच देतात. सी.एन.आय.मध्ये दोन्ही पद्धतींना जागा आहे. आम्ही लहानपणीच्या बाप्तिस्म्याकडे झुकलो, पण यावरून घरात भांडण होऊ देऊ नका. जिथे स्थिरावाल तिथल्या वडीलमंडळाशी बसून ठरवा.

यजमानांसाठी दोन शब्द, त्यांना वाचून दाखवा. भाऊ, तुम्हाला जे सापडलंय ते मोलाचं आहे. पण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅल्विन टाकून कुणाचं मन वळत नाही, आणि बायकोने घाईने ‘हो’ म्हटलं तर ते पटणं नसतं. यूट्यूबवरचा उपदेशक कितीही चांगला असला तरी तो तुमच्या घरी येऊन तेल लावून प्रार्थना करणार नाही, भाकर आणि प्याला देणार नाही, चुकलात तर बाजूला घेऊन बोलणार नाही. म्हणून मंडळीत नाव घाला. जुन्या ग्रुपमधून निघताना न सांगता गायब होऊ नका. त्यांच्या प्रमुखांना दोघांनी मिळून भेटा, त्यांनी केलेल्या मदतीबद्दल आभार माना, आणि मुलाच्या आजारपणात जे बोललं गेलं ते वचनाला धरून नव्हतं हेही शांतपणे सांगा. तिथे तुमची बहीण अजून जाते असं तुम्ही लिहिलंय, तिच्याशी येणं-जाणं पूर्वीसारखंच ठेवा.

नाताळच्या आधी तुमच्या जुन्या मंडळीत जाऊन आलात, तर तिथे काय ऐकलंत ते इथे लिहा. मिरजेतली एक-दोन घरं माझ्या माहितीतली आहेत. तुम्ही आणि ती मंडळी, दोघांची तयारी असेल तर गाठ घालून देईन.