आधी बाळाचं वय विचार

अनेक उत्तम आशीर्वाद.

औषधाच्या काउंटरमागे उभी राहायला लागलीस की लवकरच कुणीतरी येऊन म्हणेल, "बाळाच्या तोंडात पांढरं झालंय, लावायला काहीतरी द्या." कपाटाकडे हात जाण्याआधी विचार: बाळ किती महिन्यांचं?

ते पांढरं बहुधा बुरशीचा संसर्ग (थ्रश) असतो. मायकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचं जेल त्यावर उत्तम चालतं, पण ते घट्ट आणि चिकट असतं. चार महिन्यांच्या आतल्या बाळाला गिळणं अजून नीट जमत नसतं. जेलचा गोळा घशात बसला तर श्वास कोंडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी तर आणखी थांबावं लागतं. मोठ्या बाळालाही थोडं थोडं, स्वच्छ बोटाने, तोंडाच्या पुढच्या भागातच लावायचं. आईच्या स्तनाग्राला जेल लावून बाळाला पाजायची 'युक्ती' सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस, धोका तोच आहे.

तान्ह्यांना डॉक्टर बहुधा निस्टॅटिन या दुसऱ्या बुरशीनाशकाचं पातळ औषध लिहून देतात. बाटली हलवून, ड्रॉपरने अर्धी मात्रा एका गालाच्या आत, अर्धी दुसऱ्या. दूध आधी, औषध नंतर, हे दोनदा सांग. औषध चट्ट्यांवर टिकलं तरच उपयोग. लगेच दूध पाजलं तर ते धुऊन जातं. आणि पांढरं दिसेनासं झालं तरी पुढे 48 तास चालू ठेवायचं. बहुतेक घरांत ते नेमकं तेव्हाच बंद होतं.

कधीकधी ती बुरशी नसतेच. थर फक्त जिभेवर असेल आणि ओल्या कापडाने सहज निघत असेल तर ते दूध. गालांच्या आत, हिरड्यांवर असेल आणि निघत नसेल तर खरवडायचं नाही, खालची त्वचा सोलून रक्त येतं. घरगुती उपाय म्हणून मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकते. बोरॅक्स-ग्लिसरीनही नको, बोरॅक्स पोटात गेलं तर विषारी.

आईची स्तनाग्रं चरचरतात का, तेही विचार. तसं असेल तर दोघांवर उपचार एकाच वेळी हवेत, नाहीतर संसर्ग एकमेकांत फिरत राहतो. अंगावर पाजणं मात्र थांबवायचं नाही. बाटलीची निपल, चोखणी रोज उकळायची.

बाळ दूध ओढत नसेल, ताप असेल, लंगोट कमी ओले होत असतील किंवा आठवडाभर औषध देऊनही फरक नसेल, तर काहीही न विकता डॉक्टरांकडे पाठव. गिऱ्हाईक चिडेल, दुसरीकडे मिळतं म्हणेल. जाऊ दे, पण का देत नाहीस ते सांगून मगच.