टाइपरायटरचा प्रिंटर करायचाय? आधी हे बघ

भावा, खूळ भारी आहे, पण पहिलंच मशीन आयबीएम सिलेक्ट्रिक नको, त्याचा अक्षरांचा गोळा फिरवणारं सगळं यांत्रिक असतंय, सोलेनॉइड (विजेनं दांडी ओढणारी कॉइल) बसवता बसवता जीव जाईल. डेझीव्हीलचं, म्हणजे पाकळ्यांवर अक्षरं असलेल्या चाकाचं, इलेक्ट्रॉनिक मशीन बघ. त्याच्या कीबोर्ड मॅट्रिक्सला (बटणांच्या तारांच्या जाळीला) 4066 सारखी स्विच चिप मधे टाकून आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) जोडलं की मशीनला वाटतं कोणतरी बटणं दाबतंय. सांगलीत भंगारात दिसतात त्या बहुतेक हाताच्या गोदरेज, त्या सोड.

नवीन पोरं इथं अडकतात:

- अमेरिकेतलं 120 व्होल्टचं मशीन थेट आपल्या 230 ला लावायचं. मागची पट्टी वाच आधी!
- अक्षरं भसाभस पाठवायची. सेकंदाला 5 नं सुरू कर, आणि ओळ संपली की कॅरेज (छापणारा सरकता भाग) परत येईपर्यंत थांब, नाहीतर पुढच्या ओळीची पहिली अक्षरं गायब.

रिबिन मिळते का ते घ्यायच्या आधीच बघ. एक ओळ नीट छापून दाखव, बाकीचं मग बोलू.